भंगार आणि भरारी

तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी

सेकंड इयरची गोष्ट. एके दिवशी सकाळी मेसच्या बोर्डावर नोटीस लागली. वर्कशॉपमागच्या शेडमधलं डेड स्टॉकचं सामान लिलावात गेलंय, ट्रकमध्ये चढवायला मुलं पाहिजेत, दिवसभराची हजेरी मिळेल. हजेरीचं नाव काढल्यावर कोण मागे राहतो! ज्यांनी सेमिस्टरभर वर्कशॉपचं तोंड पाहिलं नव्हतं, तेही बाह्या सरसावून हजर. मोडकी स्टुलं, गंजलेले व्हाइस, दात तुटलेले गिअर असं करता करता शेवटी कोपऱ्यातलं जुनं सिंगल सिलिंडर डिझेल इंजिन निघालं. आठ जणांनी रेटत ते काट्यावर नेलं. व्यापाऱ्याने वजन पाहिलं, किलोच्या भावाने गुणाकार केला, संपला विषय.

लॅबचे मामा तेवढे गप्प होते. इंजिन ट्रकमध्ये चढायच्या आधी ते पाना घेऊन आले, व्यापाऱ्याशी दोन शब्द बोलले आणि इंजिनाचा गव्हर्नर सोडवून घेतला. तेवढं वजन बिलातून कमी झालं. मामांनी तो रॉकेलने धुतला, फडक्यात गुंडाळला आणि कपाटात ठेवून दिला. आम्ही मनसोक्त हसलो. पुढे थिअरी ऑफ मशिन्सच्या प्रॅक्टिकलला गव्हर्नरच्या आकृत्या घोकून डोक्याचं पार दही झालं होतं, तेव्हा मामांनी तोच गव्हर्नर टेबलावर आणून ठेवला. हाताने फिरवला. वजनं बाहेर फेकली गेली, स्लीव्ह सरकली, आणि जे पंधरा दिवसांत डोक्यात शिरत नव्हतं ते पाच मिनिटांत शिरलं. लगेच मनात आलं, बाकीचं इंजिन आता कुठे असेल? वितळून त्याची मॅनहोलची झाकणं झाली असतील. आणि ते काट्यावर रेटणाऱ्या आठ जणांत मीही होतो.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे पॉल मॅन्ट्झ. सुट्टीत विमानांबद्दल वाचता वाचता हा माणूस भेटला. मामांनी एक गव्हर्नर वाचवला. या माणसाने १९४६ साली एका दमात ४७५ लढाऊ विमानं विकत घेतली, जेमतेम डझनभर ठेवली आणि बाकीची भंगारात काढली. आता त्याला विमानं वाचवणारा म्हणायचं की मोडणारा? मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. तुम्हीच बघा.

पॉल मॅन्ट्झचा जन्म २ ऑगस्ट १९०३ चा, कॅलिफोर्नियातल्या अलामेडा गावचा. बालपण रेडवुड सिटीत गेलं. वडील शाळेत मुख्याध्यापक, म्हणजे घरात शिस्त आली. पण पोराचं लक्ष आकाशात. सोळाव्या वर्षी त्याने विमान शिकायला सुरुवात केली. पैसे कुठून आणले? त्या काळात इन्फ्लुएन्झाची मोठी साथ होती, माणसं पटापट मरत होती. या पठ्ठ्याने शववाहिका चालवली आणि त्या कमाईतून शिकवणीची फी भरली! पण थोड्याच दिवसांत त्याचा शिक्षकच त्याच्या डोळ्यांदेखत विमान कोसळून गेला. मॅन्ट्झने उडणं सोडून दिलं. काही वर्षांनी पुन्हा ओढ लागली आणि तो लष्कराच्या मार्च फील्ड इथल्या उड्डाण शाळेत दाखल झाला. तिथे त्याने नाव काढलं, पण आपल्यापैकी काहींना शेवटच्या सेमिस्टरला जी खाज सुटते तीच त्यालाही सुटली. पदवीदानाच्या तोंडावर त्याने समोरून येणाऱ्या आगगाडीच्या अंगावर विमान घातलं आणि अगदी शेवटच्या क्षणी वर उचललं. दुर्दैव असं की त्या गाडीत पदवीदानालाच निघालेले बडे अधिकारी बसले होते. झालं, शाळेतून नारळ मिळाला.

लष्कराचं दार बंद झालं, पण हात तर शाबूत होते. ६ जुलै १९३० रोजी सॅन मॅटिओ इथे त्याने छोट्या फ्लीट विमानातून सलग ४६ आउटसाइड लूप मारले. साध्या लूपमध्ये वैमानिकाचं डोकं वर्तुळाच्या आतल्या बाजूला असतं आणि तो सीटवर दाबला जातो. आउटसाइड लूपमध्ये उलट. डोकं बाहेरच्या बाजूला, रक्त डोक्यात चढतं आणि अख्खं शरीर पट्ट्यांना लोंबकळतं. एक लूप मारला तरी डोळ्यांसमोर लाल दिसू लागतं म्हणतात. याने ४६ मारले! हा विक्रम पुढे कित्येक वर्षं कुणाला मोडता आला नाही.

मग आला हॉलिवूड. १९३२ च्या ‘एअर मेल’ या सिनेमासाठी त्याने बिशप गावातल्या हँगरमधून विमान आरपार काढलं. पंखांच्या दोन्ही टोकांना काही फुटांची जागा, बस्स. पण गंमत म्हणजे स्टंट पायलट म्हटलेलं त्याला आवडायचं नाही. आपण अचूक उड्डाण करतो, जुगार खेळत नाही, असं तो मानायचा. जागा मोजायची, वारा बघायचा, आकडेमोड करायची आणि मगच इंजिन चालू करायचं. बरबँकला त्याने स्वतःची कंपनी काढली आणि सिनेमाला लागणारी विमानं, वैमानिक, कॅमेऱ्याची सोय असं सगळं भाड्याने द्यायला लागला. जगप्रसिद्ध वैमानिक अमेलिया इअरहार्टचा तो तांत्रिक सल्लागार होता. मार्च १९३७ मध्ये तिच्या पृथ्वीप्रदक्षिणेच्या पहिल्या प्रयत्नात ओकलंड ते होनोलुलू या टप्प्यात तो विमानात होता. होनोलुलूहून पुढे निघताना धावपट्टीवरच विमान मोडलं आणि मोहीम थांबली. दुसऱ्या प्रयत्नाला ती निघाली तेव्हा मॅन्ट्झ गावात नव्हता. २ जुलै १९३७ रोजी ती प्रशांत महासागरावर बेपत्ता झाली. तयारी पुरी झाली नव्हती याची बोच त्याला नंतर राहिली.

दुसऱ्या महायुद्धात तो लष्करात परतला. ज्या लष्कराने हाकललं होतं त्यानेच आता मानाने बोलावलं! काम होतं हवाई दलाच्या चित्रपट तुकडीत. प्रशिक्षणाचे आणि प्रचाराचे सिनेमे तिथे बनत. लेफ्टनंट कर्नल हुद्द्यापर्यंत तो पोचला.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ.

१९४० ते १९४५ या काळात अमेरिकेने जवळपास ३ लाख विमानं बनवली. ऑगस्ट १९४५ मध्ये युद्ध थांबलं, आणि प्रश्न उभा राहिला की आता या विमानांचं करायचं काय? जेट विमानं येऊ घातली होती. डकोटासारखी मालवाहू आणि छोटी शिकाऊ विमानं भराभर खपली, कारण त्यांना शांततेतही काम होतं. पण चार इंजिनांचा, तासाला शेकडो लिटर पेट्रोल पिणारा बॉम्बर घेऊन सामान्य माणूस करणार काय? दारात उभा करणार? मग सरकारने ओसाड मैदानांवर विमानं गोळा केली. ॲरिझोनातल्या किंगमनला ५ हजारांच्यावर विमानं उभी होती. काही तर कारखान्यातून थेट तिथेच आलेली, एकदाही लढाईला न गेलेली! विक्रीसाठी १९४६ मध्ये वॉर ॲसेट्स ॲडमिनिस्ट्रेशन नावाचं खातं स्थापन झालं. म्हणजे अख्ख्या देशाचं डेड स्टॉक रजिस्टरच म्हणा ना.

विमान भंगारात काढायची पद्धत आपल्या अभ्यासाच्या दृष्टीने बघण्यासारखी आहे. आधी इंजिनं, तोफा, रेडिओ, उपकरणं काढून घ्यायची. मग क्रेनला टांगलेलं जाड पोलादी पातं वरून सोडायचं, की धडाचे आणि पंखांचे तुकडे. ते तुकडे भट्टीत. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, मिश्रधातू त्याहूनही थोडं आधी. पोलादाला मात्र १४०० च्या वर तापमान लागतं. त्यामुळे भट्टी मधल्या तापमानाला ठेवली की ॲल्युमिनियम पाण्यासारखं वाहून खाली येतं आणि बोल्ट, साखळ्या, बिजागऱ्या जिथल्या तिथे शिल्लक राहतात. चाळणीची गरजच नाही, वितळणबिंदू हीच चाळणी! खाली साच्यात लाद्या पडायच्या. ज्यांच्या नाकावर कुणी मैत्रिणीचं नाव रंगवलं होतं, ज्यांनी कुणाला बर्लिनवरून जिवंत परत आणलं होतं, ती विमानं अशी लाद्या होऊन बाजारात गेली. १९४६ च्या ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज’ या सिनेमात युद्धावरून परतलेला, नोकरी नसलेला एक बॉम्बर्डियर अशाच मैदानात इंजिनं काढलेल्या बॉम्बरमध्ये जाऊन बसतो. ते मैदान, ती विमानं खरीखुरी होती. माणूस आणि यंत्र दोघंही एकाच यादीत गेलेली बघून पोटात कालवतं.

अशाच एका मैदानावर मॅन्ट्झ जाऊन पोचला. ओक्लाहोमातलं स्टिलवॉटर, कॉलेजचं गाव. तिथल्या सर्सी फील्डवर ४७५ विमानं उभी होती, बी-२४ आणि बी-१७ बॉम्बर, शिवाय मस्टँगसारखी लढाऊ विमानं. मॅन्ट्झने ५५ हजार डॉलरला सगळी घेतली. जरा कॅल्क्युलेटर काढा. एका विमानाला साधारण ११६ डॉलर पडतात. आणि १९४५ मध्ये एका नव्या कोऱ्या पी-५१ मस्टँगची किंमत ५१ हजार डॉलरच्या आसपास होती. म्हणजे साधारण एका मस्टँगच्या पैशात ४७५ विमानं! काही दिवस तो जगातल्या मोठ्या हवाई दलांपैकी एकाचा मालक होता, असं गमतीने म्हटलं जायचं. विमानांच्या टाक्यांत उरलेलं पेट्रोल विकूनच त्याने बराच पैसा सोडवला, हीही गोष्ट नेहमी सांगितली जाते.

मग त्याने निवड केली. सिनेमात उपयोगी पडतील आणि शर्यतीत धावतील अशी डझनभर विमानं बाजूला काढली. बाकीची नफ्यात भंगारात गेली. इथे मला मामा आठवतात. कुठला भाग ठेवायचा हे ज्याने ते यंत्र हाताळलंय त्यालाच कळतं. व्यापाऱ्याला फक्त वजन कळतं.

बाजूला काढलेल्यांत मस्टँग विमानं होती. त्यातल्या एकावर मॅन्ट्झने जे केलं ते आपल्याला डिझाइनच्या वर्गात शिकवायला हवं. बेंडिक्स शर्यत म्हणजे कॅलिफोर्नियातलं व्हॅन नाइज ते ओहायोतलं क्लीव्हलँड, सुमारे २ हजार मैल. वाटेत पेट्रोलसाठी उतरलात तर वेळ जातो. पंखाखाली जादा टाक्या लटकवल्या तर हवेचा अडथळा वाढतो आणि वेग जातो. बाकीचे या दोन्हींत अडकले. मॅन्ट्झने पंखाच्या आतल्या टाक्याच काढून टाकल्या आणि पंखाचे सगळे सांधे सील करून पंखालाच टाकी बनवलं. बाहेरून एक इंचाचाही अडथळा नाही, आत मात्र मुबलक इंधन. पंख घासून गुळगुळीत केला, विमान लालभडक रंगवलं आणि १९४६ ची शर्यत न थांबता, सरासरी ताशी ४३५ मैलांनी जिंकली. म्हणजे ताशी ७०० किलोमीटर, तेही पंख्याच्या विमानाने! १९४७ ला सरासरी ४६० वर गेली, पुन्हा पहिला. १९४८ ला परत पहिला. लागोपाठ तीनदा बेंडिक्स जिंकणारा तो एकटाच.

त्याच्या मस्टँगपैकी एक पुढे चार्ल्स ब्लेअर नावाच्या वैमानिकाने विकत घेतलं. २९ मे १९५१ रोजी तो त्यातून एकटा नॉर्वेहून निघाला आणि उत्तर ध्रुवावरून अलास्काला पोचला. ते विमान आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात दिमाखात ठेवलेलं आहे. ११६ डॉलरचं भंगार!

१९४९ च्या ‘ट्वेल्व्ह ओ’क्लॉक हाय’ सिनेमासाठी मॅन्ट्झने चार इंजिनांचं बी-१७ एकट्याने उडवलं आणि चाकं न काढता पोटावर उतरवून तंबूंच्या रांगेत घुसवलं. दिग्दर्शकाला हवं तिथे विमान थांबलं, मॅन्ट्झ कपडे झटकत बाहेर आला. १९६१ मध्ये फ्रँक टॉलमन या दुसऱ्या कसलेल्या वैमानिकासोबत त्याने टॉलमॅन्ट्झ एव्हिएशन ही कंपनी काढली. जमवलेल्या विमानांचं संग्रहालयही दोघांनी सुरू केलं.

आता शेवट. तो असा आहे की कुणी कादंबरीत लिहिला असता तर आपण ओढूनताणून आणलाय म्हणून नावं ठेवली असती.

१९६५ मध्ये ‘द फ्लाइट ऑफ द फिनिक्स’ या सिनेमाचं काम चालू होतं. वाळवंटात एक मालवाहू विमान कोसळतं. अडकलेली माणसं त्याच्याच अवशेषांतून नवं छोटं विमान जोडतात आणि उडून बाहेर पडतात, अशी कथा. म्हणजे भंगारातून भरारी! सिनेमासाठी असं विमान खरोखर बनवायचं होतं. ऑटो टिम या जुन्याजाणत्या अभियंत्याने आराखडा केला. पंख एका जुन्या बीचक्राफ्ट विमानाचे, इंजिन आणि चाकं टी-६ या युद्धकाळातल्या शिकाऊ विमानाची, धड नव्याने केलेलं. उडवणार होता टॉलमन, पण त्याच सुमारास पायाला झालेल्या दुखापतीत त्याचा पाय कापावा लागला. मॅन्ट्झ पुढे झाला. वय ६१.

८ जुलै १९६५ ची सकाळ, ॲरिझोनातल्या युमाजवळची वाळू. विमान जमिनीला टेकून पुन्हा उडताना दाखवायचं होतं. एकदा झालं. खात्रीसाठी दुसऱ्यांदा करायचं ठरलं. दुसऱ्या वेळी विमान वाळूच्या छोट्या उंचवट्याला धडकलं. मॅन्ट्झने पूर्ण ताकद दिली, पण ताण सहन न होऊन धड मधेच मोडलं आणि नाक जमिनीत घुसलं. मॅन्ट्झ जागीच गेला. मागे उभा असलेला स्टंटमॅन बॉबी रोज जबर जखमी झाला, पण वाचला. चौकशीत असंही पुढे आलं की उड्डाणाआधी मॅन्ट्झने मद्य घेतलं होतं आणि त्याचा त्याच्या निर्णयावर परिणाम झाला असावा. टॉलमनला हे पटलं नाही. थोर माणसाच्या गोष्टीतून हा भाग गाळावा असं मला वाटत नाही. जो माणूस आयुष्यभर मोजूनमापून उडाला, त्याचाही एक दिवस हिशेब चुकू शकतो. आणि जोडून केलेलं यंत्र कितीही हौसेने जोडलं तरी सांध्यावरचा ताण हौस बघत नाही. सिनेमाची उरलेली दृश्यं मग ओ-४७ या जुन्या लष्करी विमानावर फेरफार करून घेतली. तेही कुणीतरी संग्रहालयात जपून ठेवलं होतं म्हणून मिळालं!

हे वाचताना मी बी-२४ चा शोध घेतला, कारण मॅन्ट्झच्या ढिगात तीही होती. ही विमानं १८ हजारांहून अधिक बनली. एवढ्यांतली आज मोजकीच शिल्लक आहेत, आणि त्यातली बरीचशी वाचली ती चक्क आपल्या कानपूरमुळे! युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी कानपूरला त्यांच्याकडची बी-२४ पुन्हा वापरता येऊ नयेत म्हणून मुद्दाम मोडून टाकून दिली होती. ती अमेरिकेकडून कराराने घेतलेली, युद्धानंतर वापरायची परवानगी नव्हती. १९४८ मध्ये स्वतंत्र भारताला बॉम्बर हवे होते आणि तिजोरीत पैसा नव्हता. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या माणसांनी त्या मोडतोडीतून एकाचा भाग दुसऱ्याला लावत चाळीसेक विमानं उभी केली. जुजबी दुरुस्तीवर ती कानपूरहून बंगळूरला उडवत नेली आणि तिथे पक्की केली. आपल्या हवाई दलाने ती १९६८ पर्यंत वापरली. नंतर जगातल्या संग्रहालयांना बी-२४ हवं झालं तेव्हा ते कुठे मिळालं? भारतात. ॲरिझोनाच्या पिमा संग्रहालयातलं बी-२४ भारतातून उडत गेलेलं आहे. ज्या राज्यात हजारो विमानं वितळली, तिथे दाखवायला एक भारतातून न्यावं लागलं!

एकाच जातीचं विमान. ओक्लाहोमात भंगार, कानपुरात बॉम्बर. धातू तोच, रिव्हेट तेच. फरक कुठे पडला? गरज कुणाला आहे आणि बघणारा कोण आहे, यात. म्हणून मॅन्ट्झला मी सरसकट दोष देत नाही. ४७५ विमानं ठेवायला ना जागा होती, ना पैसा. सगळंच जपायचं म्हटलं तर आपली शेडही कधी रिकामी व्हायची नाही, आणि नव्या सीएनसीला जागा कुठून आणायची? पण त्याने घेतलं नसतं तर डझनभर तरी वाचली असती का? काट्यावर जायच्या आधी एकदा जाणत्या माणसाने फिरून बघणं, एवढीच काय ती भंगार आणि विमान यांच्यामधली सीमारेषा.

मामा आता रिटायर होतील. गव्हर्नर अजून त्याच कपाटात, त्याच फडक्यात आहे. शेडमध्ये पुन्हा सामान साठतंय, एक-दोन वर्षांत पुन्हा लिलाव निघेल, पुन्हा हजेरीची नोटीस लागेल. ज्युनियर मित्रांनो, तुम्ही जाल, जरूर जा. हजेरी घ्या. फक्त खिशात एक पाना ठेवा, आणि ट्रकमध्ये रेटायच्या आधी मामांना एकदा विचारा की यातलं काय काढून ठेवू.